बोला डॉक्टर, फुलस्टॉपसकट

डॉक्टरकीच्या शिक्षणात मुडदा फाडायला शिकवतात, बाळंतपण करायला शिकवतात, शीर सापडत नसलेल्या हातात सुई घालायलाही शिकवतात. पुढे आयुष्यभर जे करायचं असतं ते मात्र कुणी शिकवत नाही, ते म्हणजे कारकुनी, पेशंटच्या नोंदी लिहिणं. पेशंट काय म्हणाला, मला काय दिसलं, मला काय वाटतं आणि आता काय करायचं, ही मांडणी लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात रूढ केली. पद्धत उत्तमच आहे. फक्त ती भरायला वेळ कुठून काढायचा, हे वीडसाहेबांनी सांगितलं नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी काही संशोधक घड्याळ घेऊन डॉक्टरांच्या मागे उभे राहिले. पेशंटसमोर एक तास गेला, की संगणक आणि कागदांसमोर जवळजवळ दोन जातात, असा हिशेब निघाला. मला प्रश्न पडला तो एवढाच, की हे मोजणाऱ्यांनी स्वतःच्या नोंदी कधी लिहिल्या.

यावर जाणकारांचा सल्ला असा, की लिहू नका, बोला. सल्ला जुना आहे. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी छापली. त्यात पहिल्या नंबरावर होतं पत्रं आणि मजकूर तोंडी सांगणं. संगीत चौथ्या नंबरावर. लोकांनी शहाणपणा केला, पहिला नंबर सोडून दिला आणि गाणी ऐकू लागले. यंत्राशी बोलत बसायचं काम तेवढं आमच्या गळ्यात पडलं.

माझी सुरुवात कॅसेटपासून झाली. तळहातात मावणारा डिक्टाफोन, त्यात इवलीशी कॅसेट. शेवटचा पेशंट गेला की मी जांभया देत बोलायचो आणि कॅसेट ट्रान्स्क्रिप्शनच्या बाईंकडे जायची. त्या कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलनं टेप मागे-पुढे करत टाइप करायच्या. या धंद्यात पैसे बहुतेक ठिकाणी ओळीवर मिळतात आणि ओळ म्हणजे ६५ अक्षरं. त्यामुळे पाल्हाळ लावणारा डॉक्टर बाईंचा लाडका. मी तोडकं बोलतो, म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणारा. तरीही त्यांनी माझ्यावर कधी राग धरला नाही. ‘ते खोडा, नाही, त्याच्या मागचं, नाही, राहू दे’ असलं काहीबाही ऐकून त्या जे टाइप करून पाठवायच्या ते वाचताना वाटायचं, काय विचारी डॉक्टर आहे हा.

शब्द लागला नाही, की बाई जागा कोरी सोडून बाजूला टेपवरची मिनिटं-सेकंदं लिहायच्या. अंदाजानं भरायच्या नाहीत. आमच्यातले एक सर्जन सगळ्याच पेशंटांच्या बाबतीत एकच वाक्य सांगायचे, ‘बाकी तपासणी नेहमीप्रमाणे’. त्याचा अर्थ बाईंनी आधीपासून साठवलेला अर्धं पान मजकूर चिकटवायचा, ज्यात हृदयापासून दोन्ही पावलांतल्या नाड्यांपर्यंत सगळं ठाकठीक असायचं. एकदा रिपोर्टऐवजी चिठ्ठी आली. ‘सर, या पेशंटचा डावा पाय गुडघ्याखालून तुम्हीच काढला आहे. मागच्या रिपोर्टात आहे. त्या पावलातली नाडी लिहू ना?’ सर्जन चिडले. मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

त्या काळात पत्राखाली एक शिक्का असायचा: ‘डिक्टेटेड बट नॉट रेड’. सांगितलं मी, पण वाचलेलं नाही. एवढी प्रामाणिक बेजबाबदारी मी दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात छापील स्वरूपात पाहिलेली नाही.

मग बोललेलं आपणच टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं. १९९०चं ड्रॅगन डिक्टेट प्रत्येक शब्दानंतर थांबायला लावायचं; सलग बोललेलं समजणारी त्याची पुढची आवृत्ती १९९७ साली आली. आमच्याकडे ते तंत्र उशिरा पोचलं, पण पोचलं ते बाईंना निरोप देऊनच. व्यवस्थापनाचा हिशेब सरळ होता, यंत्र ओळीमागे पैसे मागत नाही. ते चिठ्ठ्याही पाठवत नाही, याचा हिशेब कुणी धरला नाही.

यंत्राची अट एकच: विरामचिन्हंसुद्धा बोलायची. पेशंट समोर असताना हे करणं अवघड. एका आजोबांना तपासून मी माइकमध्ये म्हणालो, ‘कंडिशन स्टेबल फुलस्टॉप.’ आजोबांनी मुलाचा हात धरला. ‘फुलस्टॉप म्हणतायत रे!’ दुसऱ्या एका गृहस्थांच्या नोंदीत मी रिवाजाप्रमाणे ‘पेशंट डिनाइज अल्कोहोल’ म्हटलं. घेत नाही असं तो सांगतो, एवढाच त्याचा मतलब. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘डॉक्टर, हे लिहू नका. यांनी आजवर कुणालाही डिनाय केलेलं नाही.’

बरं, यंत्र ऐकतं तरी काय? हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वाढलेला, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला. दिवसभर बोलून घसा बसला की दोन्हींचा उच्चार एकच होतो. डिस्फेजिया म्हणजे गिळता न येणं, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात अडचण. इलियम नावाचा आतड्याचा भाग आहे आणि इलियम नावाचंच कमरेचं हाड आहे. इंग्रजी स्पेलिंग वेगळं, उच्चार तंतोतंत तोच. ही नावं ठेवणारे लोक कधी डिक्टेशन देणार नव्हते, हे उघड आहे. आकड्यांची तर भीतीच बसली आहे. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत घोटाळा होऊन औषधाचा डोस तिप्पट-चौपट होऊ नये म्हणून आम्ही ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असे आकडे सुटे करून बोलतो. माझं ऐकून पेशंटला वाटतं, विमान उतरवतोय.

२०१८ साली अमेरिकेत अशा नोंदी तपासल्या गेल्या. नुसत्या यंत्रानं उतरवलेल्या मजकुरात शंभर शब्दांमागे सातांहून जास्त चुका. ट्रान्स्क्रिप्शनच्या माणसांनी नजर फिरवल्यावर हे प्रमाण ७.४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आलं. मग डॉक्टरांनी वाचून सही केली आणि ते ०.३ झालं. म्हणजे सात टक्के बाईंचे आणि पदव्यांची माळ लावणाऱ्यांचा वाटा ०.१. तो अभ्यास मी व्यवस्थापनाला पाठवला. उत्तर म्हणून नव्या यंत्राच्या प्रशिक्षणाचं आमंत्रण आलं.

या नव्या यंत्राला तर सांगावंही लागत नाही. टेबलावर फोन ठेवायचा, पेशंटची परवानगी घ्यायची आणि नेहमीसारखं बोलायचं. गप्पांमधून नोंद ते आपणच तयार करतं. अडचण ‘नेहमीसारखं’ या अटीत आहे. माझं नेहमीचं बोलणं म्हणजे ‘हं’. पोट दाबताना एक हं, यकृत हाताला लागलं की जरा लांबवलेला हं, पेशंट पथ्याबद्दल खोटं बोलतोय हे कळल्याचा तिसरा. इतक्या वर्षांचं वैद्यक मी त्या एका अक्षरात बसवलेलं आहे आणि यंत्राला त्यातलं काहीही उमगत नाही. म्हणून आता तपासताना तोंडानं सांगावं लागतं. ‘पोट मऊ आहे. दाबल्यावर दुखत नाही.’ पेशंट खूश असतात, डॉक्टर हल्ली किती समजावून सांगतात म्हणून. पण ‘ही गाठ मला बरी वाटत नाही’ हे तपासणी पुरी होण्याआधी त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं? बाहेर जाऊन बोलावं तर बाहेर नातेवाईक. शेवटी मी गाडीत जाऊन, काचा वर करून बोलतो. लोक म्हणतात, डॉक्टरांना फार फोन येतात.

यंत्राला सगळेच आवाज सारखे महत्त्वाचे. रिसेप्शनवरचा मुलगा दारातून डोकावला आणि नोंदीत आलं, ‘छाती स्वच्छ, श्वास दोन्ही बाजूंनी समान, सर, गाडी जरा पुढे घ्या.’ एका पेशंटनं मेहुण्याच्या मूळव्याधीची कहाणी रंगवून सांगितली. संध्याकाळी पाहतो तर मूळव्याध त्याच्याच नावावर जमा. आणि कुणीच बोलत नसेल तर? छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की खोलीत सगळे गप्प होतात. शांतता सहन न होणाऱ्या पाहुण्यासारखं यंत्र ती जागा स्वतःच भरून काढतं. हे केवळ माझं कुरकुरणं नाही. व्हिस्पर या बोलणं टिपणाऱ्या प्रणालीनं उतरवलेले ध्वनिमुद्रणाचे हजारो तुकडे काही संशोधकांनी तपासले आणि २०२४ साली निष्कर्ष मांडले: साधारण एक टक्का तुकड्यांत कुणीच न बोललेली वाक्यं होती आणि बोलण्यात लांब थांबे असले की असं जास्त घडायचं. आमचं यंत्र दुसरं आहे, पण स्वभाव तोच. हृदयाचे ठोके ऐकत असताना मी पेशंटला रोज चालायला सांगितलं, असं ते लिहितं. सल्ला चांगला आहे, म्हणून खोडायला जीव होत नाही. पण पेशंटला तो कुणी दिलेलाच नसतो.

टाइप करण्याचे कष्ट गेले, हे मात्र कबूल करायला हवं. बोटं दुखत नाहीत, मान दुखत नाही, बोलताना पेशंटच्या तोंडाकडे पाहता येतं. ही काही लहान गोष्ट नव्हे. आता दुखतात ते डोळे, कारण न बोललेलं शोधण्यासाठी बोललेलं सगळं वाचावं लागतं.

हल्ली त्याच बाई पुन्हा कामावर आल्या आहेत. हुद्दा बदलला आहे, एडिटर. यंत्रानं लिहिलेलं त्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहतात. टाइपच करायचं नाही म्हणून ओळीमागचा दर कमी झाला आहे, चिठ्ठ्यांची संख्या मात्र वाढली आहे. आज सकाळी आली ती अशी:

‘सर, सातव्या मिनिटाला पेशंटनं विचारलं, ऑपरेशन लागेल का? तुम्ही हं म्हणालात. यंत्रानं होय लिहिलं आहे. मी परत परत ऐकलं, हा तुमचा नकाराचा हं वाटतो. बरोबर ना?’

बरोबर होतं. खाली आणखी एक ओळ होती.

‘तसं असेल तर पेशंटलाही फोन करा. त्यांनीही होयच ऐकलंय. आठव्या मिनिटाला ते पत्नीला म्हणतात, ठेव मोडावी लागणार.’