लूप डिव्हाइस ‘शंभर टक्के भरलेली’ नसतात. स्नॅपच्या फाइली हाताने पुसू नका

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास माझ्या भाच्याचा फोन आला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला प्रकल्प सादर करायचा होता. ‘‘मामा, डिस्क भरली म्हणून ग्रुपवर आलेले सगळे उपाय केले, तरी जागा होती तेवढीच आहे,’’ असे तो म्हणाला. हे ‘उपाय’ ज्या मेसेजमध्ये आहेत तो मला त्याआधीच दोन ठिकाणांहून आला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. ते मी करायला नको होते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मेसेजचे म्हणणे थोडक्यात असे. डिस्क किती भरली ते दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली की लूप नावाच्या डिस्क शंभर टक्के भरलेल्या दिसतात आणि संगणक त्यामुळेच मंदावतो. लूप जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या ‘लोसेटअप’ आज्ञेला कॅपिटल डी देऊन त्या सगळ्या काढून टाकाव्यात. तरीही त्या दिसत राहिल्या तर ‘डेव्ह’ डिरेक्टरीतल्या लूपच्या नोंदी पुसाव्यात. मग ‘/व्हार/लिब/स्नॅपडी/स्नॅप्स’ इथल्या स्नॅपच्या, म्हणजे उबुंटूवरच्या प्रोग्रामच्या पॅकेजच्या, मोठ्या फाइली ‘आरएम’ या पुसण्याच्या आज्ञेने उडवाव्यात. शिवाय लिनक्समध्ये लूप आठच असतात, ते संपले की नवीन काही बसवता येत नाही, अशी भीतीही शेवटी घातलेली आहे.

शंभर टक्क्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. लूप डिव्हाइस ही वेगळी डिस्क नाही. एखाद्या साध्या फाइलला कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, डिस्कसारखे वागवावे यासाठी केलेली ती जोडणी आहे. उबुंटूवरचे प्रत्येक स्नॅप म्हणजे स्क्वॉशएफएस प्रकारची एक दाबून बांधलेली फाइल असते आणि ती अशा लूपवरून माउंट होते, म्हणजे डिरेक्टरीसारखी उघडून वापरता येते. स्क्वॉशएफएस फक्त वाचण्यासाठी असते. तिच्यात नंतर काही लिहिता येत नसल्यामुळे मोकळी जागा ठेवलेलीच नसते. त्यामुळे 74 एमबीपैकी 74 एमबी वापरलेले, शिल्लक शून्य, असेच तिथे पहिल्या दिवसापासून दिसणार. ही ओळ पाहून घाबरण्याऐवजी ‘डीएफ’ला ‘-एक्स स्क्वॉशएफएस’ जोडावे, म्हणजे या ओळी गळतात आणि खरी डिस्क किती भरली आहे ते नीट दिसते.

कॅपिटल डीने जागा सुटते हेही खोटे आहे. त्यासाठी ‘लोसेटअप’चे स्वतःचे मॅन्युअल पान वाचले असते तरी पुरे होते. लिनक्स 3.7 पासून वापरात असलेले डिव्हाइस काढायला सांगितले तर कर्नल नकार देत नाही. तो त्यावर फक्त खूण करून ठेवतो आणि वापर थांबल्यावर ते सोडवतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आज्ञा मुकाट्याने पूर्ण होते, चूक दाखवत नाही, आणि माउंट असलेली स्नॅप जागच्या जागी राहतात. वापरणाऱ्याला वाटते की काम झाले. आणि समजा, डिव्हाइस खरोखर सुटले, तरी मूळ फाइल डिस्कवर तशीच असते, कारण आपण मोडली ती जोडणी. ‘डेव्ह’मधल्या नोंदी पुसण्याबद्दल इतकेच सांगतो की त्या मेमरीत असतात, त्या पुसून डिस्कवर एक बाइटही मोकळा होत नाही आणि संगणक पुन्हा सुरू केला की कर्नल त्या परत तयार करतो.

खरे नुकसान ‘आरएम’च्या सल्ल्यात आहे, आणि तो लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग आला आहे. माउंट असलेल्या स्नॅपची फाइल ‘आरएम’ने पुसली की डिरेक्टरीतले तिचे नाव जाते, पण लूपने ती धरून ठेवलेली असल्यामुळे डिस्कवरची जागा सुटत नाही. भाचा ‘जागा होती तेवढीच’ म्हणत होता त्याचे कारण हे. चालू असलेले फायरफॉक्सही चालतच राहते, म्हणून धोका लक्षात येत नाही. संगणक पुन्हा सुरू केला की मात्र माउंट करायला फाइलच सापडत नाही आणि तो प्रोग्राम उघडत नाही. भाच्याच्या खोलीतल्या मित्राने तोच मेसेज पाळून लॅपटॉप पुन्हा सुरू केला होता आणि त्याचे फायरफॉक्स गेले होते.

भाच्याला मी पहिले वाक्य सांगितले ते ‘‘मशीन बंद करू नकोस’’ हे. मग लूपची यादी पाहायला ‘लोसेटअप -एल’ द्यायला लावले. सातव्या लूपपुढे फायरफॉक्सच्या फाइलचे नाव होते आणि त्याला ‘डिलीटेड’ असा शेरा लागलेला होता. नाव गेले होते, पण आतला मजकूर त्या डिव्हाइसवरून अजून वाचता येत होता. जशीच्या तशी नक्कल उतरवणाऱ्या ‘डीडी’ आज्ञेला वाचण्यासाठी ‘/डेव्ह/लूप7’ आणि लिहिण्यासाठी तोच जुना मार्ग, त्याच आवृत्ती-क्रमांकासह फाइलचे तेच नाव, असे देऊन आम्ही पूर्ण फाइल परत उतरवली. आणखी दोन फाइलींचेही असेच केले. त्यानंतरच त्याला लॅपटॉप पुन्हा सुरू करू दिला, आणि फायरफॉक्स उघडले.

आठ लूपच्या मुद्द्यात जुन्या काळापुरते तथ्य आहे, तेवढे मान्य करतो. पूर्वी आठ डिव्हाइस आधीच तयार असत आणि जास्त हवी असतील तर ‘मॅक्स_लूप’ची किंमत वाढवावी लागे. 2011 मध्ये आलेल्या लिनक्स 3.1 पासून ‘लूप-कंट्रोल’ ही सोय आहे आणि गरज पडेल तसे नवे लूप तयार होते. ‘लोसेटअप -एफ’ मोकळे असलेले पहिले लूप सांगते.

स्नॅप जागा खातात, हेही अर्धे खरे आहे. अद्ययावत झाल्यावरही प्रत्येक स्नॅपची जुनी आवृत्ती मागे ठेवली जाते. ‘स्नॅप लिस्ट’ला ‘--ऑल’ जोडले की अशा आवृत्त्यांपुढे ‘डिसेबल्ड’ दिसते. त्या ‘स्नॅप रिमूव्ह’ला नाव आणि ‘--रिव्हिजन’ देऊन काढाव्यात, म्हणजे माउंट, लूप आणि फाइल या तिन्ही गोष्टी योग्य क्रमाने जातात. किती आवृत्त्या ठेवायच्या ते ‘रिफ्रेश.रिटेन’ने ठरते आणि त्याची सर्वांत कमी किंमत 2 आहे.

भाच्याच्या लॅपटॉपवर या मार्गाने दीडएक जीबी सुटले. मग ‘डीयू’ने होम डिरेक्टरीचा हिशेब काढला, तेव्हा मागच्या सत्रातल्या प्रयोगासाठी बनवलेल्या व्हर्च्युअल मशीनची 38 जीबीची फाइल तिथे पडलेली सापडली. ती नको असल्याची खात्री करून त्याने स्वतः पुसली. डिस्क मोकळी झाली, आणि लूपच्या ओळी अजूनही शंभर टक्केच दाखवत आहेत.