गळतीपेक्षा गाळ वाईट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

द्रवशीतलनावरच्या, म्हणजे संगणकाच्या चिप पाणी फिरवून गार करण्यावरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सूर तिखट आहे, पण मुद्दे फुकाचे नाहीत, म्हणून नुसते आभार मानून सुटका करून घेत नाही. मला कळले तसे तुमचे आक्षेप तीन. प्रवाह वाढवला की चिप गार होते, हे माझं विधान भोंगळ आहे. विजेशेजारी पाणी नेणं हाच मुळात आगाऊपणा आहे. आणि डिस्टिल्ड पाणी वापरलं की गंजाचा प्रश्नच उरत नाही, मग रसायनांची भानगड कशाला.

पहिला आक्षेप मान्य. ते वाक्य मी घाईत लिहिलं होतं. ५०० वॉटची चिप घ्या. मिनिटाला १ लिटर पाणी फिरवलं तर ते बाहेर पडताना साधारण ७ अंशांनी तापलेलं असतं. प्रवाह दुप्पट केला तर साडेतीन अंशांनी. म्हणजे पाण्याच्या सरासरी तापमानात पावणेदोन अंशांची घट झाली, एवढंच. कोल्ड प्लेटच्या (चिपवर बसवलेल्या, आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या प्लेटच्या) बारीक चॅनेलमध्ये पाणी बहुधा खळाळत नाही, थराथराने संथ सरकतं. त्यामुळे वेग वाढवूनही धातूकडून पाण्याकडे उष्णता फार जास्त जाते असं होत नाही. पंपाला मात्र त्या चॅनेलपुरती चौपट ताकद लागते, आणि होज-कपलिंगमधल्या (नळ्या आणि त्यांच्या जोडांमधल्या) खळाळत्या प्रवाहासाठी जवळपास आठपट. एवढं करून चिप आणि प्लेटमधली फट भरणाऱ्या थर्मल पेस्टच्या थरातच दहा अंश अडकले असतील, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी तो थर पातळ आणि एकसारखा करा, प्लेटचा दाब सगळीकडे सारखा पडतोय का ते बघा. पंपाचा विचार नंतर.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. १ किलोवॉट उष्णता १० अंशांच्या फरकात वाहून न्यायला पाणी मिनिटाला दीड लिटरसुद्धा लागत नाही. हवा लागते सुमारे ५,००० लिटर. चिप जसजशा तापट होत गेल्या तसतसा हा हिशेब पंख्यांच्या हाताबाहेर गेला. आयबीएमने १९८०च्या ३०८१ या मोठ्या संगणकातसुद्धा पाणीच फिरवलं होतं, तेव्हा हे धाडस आजकालचं नाही. गळती होते, नाकारत नाही. पण गळती लपून राहत नाही. सेन्सरची केबल ओली झाली की अलार्म वाजतो, सोडवताना थेंबही न सांडणारी कपलिंग मिळतात, आणि काही यंत्रणांत तर पाणी वातावरणापेक्षा कमी दाबाखाली फिरवतात. नळीला भोक पडलं तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते.

मला झोप लागू देत नाही तो गाळ.

१९८१मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टकरमन आणि पीझ या संशोधकांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) रुंदीचे चॅनेल कोरून दर चौरस सेंटीमीटरमागे ७९० वॉट काढून दाखवले. कारण साधं आहे. संथ प्रवाहात चॅनेल जितका अरुंद, तितकं भिंतीपासून पाण्यापर्यंतचं अंतर कमी. आजच्या कोल्ड प्लेट याच वाटेने गेल्या आहेत. पण एकूण प्रवाह तेवढाच ठेवून चॅनेल निम्म्या रुंदीचे आणि दुप्पट संख्येने केले, तर दाब चौपट लागतो. शिवाय केसाएवढ्या फटीत काहीही अडकतं: ओ-रिंगचा (जोडातल्या रबरी कडीचा) कण, गंजाची पूड, जिवाणूंचा चिकट थर. अरुंद चॅनेलने मिळवून दिलेली कार्यक्षमता ही पाण्याच्या स्वच्छतेच्या भरवशावर काढलेली उधारी असते.

आणि हे लवकर कळतही नाही. माझ्या बेंचवरच्या लूपमध्ये (पाणी फिरण्याच्या बंद मार्गात) एका चिपचं तापमान काही महिन्यांत सहा अंश चढलं. प्रवाह मोजणारा फ्लो मीटर ठणठणीत. एका प्लेटच्या वाटेला अडथळा आला की पाणी शेजारच्या प्लेटमधून जातं, एकूण आकडा जेमतेम हलतो. प्लेट उघडली तर फिनांच्या (चॅनेलमधल्या पातळ भिंतींच्या) तोंडाशी करडा-हिरवा लगदा. तेव्हापासून मी फ्लो मीटरपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर डोळा ठेवतो: चिप आणि आत येणारं पाणी यांच्या तापमानातला फरक, भागिले वॉट. तो आकडा हळूहळू चढत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणजे खरं तर मुरत नाहीये.

आता डिस्टिल्ड पाणी. भरलं त्या दिवशी ते वीज फारशी वाहून नेत नाही, हे खरं. पण ते भुकेलं असतं. धातूतून आयन आणि हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, आणि जिवाणूंना रोखणारं त्यात काहीच नसतं. लूपमध्ये तांब्याची प्लेट आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर बघायलाच नको. पाण्यात उतरलेलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि तिथे खड्डे पडायला लागतात. म्हणून पाण्याला स्पर्श करणाऱ्या धातूंची यादी आधी करा, तांब्यासाठी बेंझोट्रायझोलसारखं गंजरोधक घाला, आणि फिल्टर ५० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक लावा. डेटा सेंटरमध्ये पाव भाग प्रॉपिलिन ग्लायकॉल घालतात ते जिवाणूंना आळा बसावा म्हणून. कंजुषी करून दोन-चार टक्केच घातलंत तर तेच त्यांचं खाद्य होतं. याची किंमत अर्थात आहे: हे मिश्रण नुसत्या पाण्याच्या जवळपास दुप्पट घट्ट असतं, म्हणजे पंपाला जास्त जोर. ती मी आनंदाने मोजतो.

कार्यक्षमता आणि भरवसा नेहमी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, असा तुमच्या प्रतिक्रियेचा एकूण रोख दिसला. कोमट पाण्याच्या बाबतीत तसं नाही. चिपपासून पाण्यापर्यंतचा उष्णतेचा रस्ता मोकळा केला की पाणी गार असण्याची गरजच कमी होते. आयबीएम आणि झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाने २०१०मध्ये ॲक्वासार हा संगणक ६० अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालवला. पाणी थंड करणाऱ्या चिलरची वीज वाचते, बाहेर पडणारी उष्णता इमारत तापवायला वापरता येते, आणि पाणी दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होते त्याच्या) बरंच वर असल्यामुळे नळ्यांवर दव धरत नाही. तुम्हाला ज्या ओलाव्याची धास्ती आहे, त्यातला एक प्रकार इथे आपोआप टळतो.

मूळ लेखातलं प्रवाहाचं वाक्य आज बदललं आहे, वरचा ५०० वॉटचा हिशेबही तिथे टाकला आहे. तुमच्या लूपमध्ये कोणते धातू आहेत आणि पाणी शेवटचं कधी बदललंत, तेवढं मात्र कळवा.