बाल्टिक फक्त देशांच्या सह्यांनी सावरत नाही

उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राच्या प्रदूषणाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरतो: सामायिक समुद्र वाचवणं हे देशांचं काम, एखाद्या शहराने कितीही खर्च केला तरी शेजाऱ्याची घाण येणारच, आणि खरी दोषी तर शेती आहे.

आधी देशांचं काम. १९७४ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, किनाऱ्यावरच्या तेव्हाच्या सातही देशांनी बाल्टिकच्या रक्षणासाठीच्या हेलसिंकी करारावर सह्या केल्या. ही कामगिरी मोठीच. पण त्यानंतर तीन दशकं उलटली तरी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या मैलापाण्याचा बराच भाग प्रक्रियेविना नेव्हा नदीत आणि फिनलंडच्या आखातात जात होता. चित्र पालटलं ते शहराच्या जलसंस्थेने, व्होदोकानालने, कामं पुरी केली तेव्हा. २००५ मध्ये नैऋत्येचं प्रक्रिया केंद्र सुरू झालं, २०१३ मध्ये उत्तरेची भुयारी मलवाहिनी पूर्ण झाली आणि सुमारे ९८ टक्के सांडपाणी केंद्रांपर्यंत पोचू लागलं. आखातात जाणारा, शेवाळ वाढवणारा फॉस्फरस लक्षणीय घटला. करार हवाच, पण नळ, पंप आणि टाक्या शहराच्याच हातात असतात.

शेजाऱ्याची घाण येते, हे खरं आहे. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुनींतूनच बाल्टिकचं पाणी बाहेर जातं. ते पूर्ण बदलायला सुमारे ३० वर्षं लागतात. पण यावरून हात बांधून बसायचं, हा निष्कर्ष कुठून निघाला? स्वीडन आणि फिनलंडने सेंट पीटर्सबर्गच्या त्या केंद्राला पैसा दिला, कारण तिथे अडवलेला फॉस्फरस त्यांच्याच किनाऱ्यावरचं शेवाळ कमी करणार होता, आणि घरच्या प्रगत केंद्रांत आणखी तेवढाच अडवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त होतं. शहरांनीही वाट पाहिली नाही. ‘युनियन ऑफ द बाल्टिक सिटीज’ ही संघटना १९९१ मध्ये ग्दान्स्कमध्ये स्थापन झाली.

किनाऱ्यापासून दूरची शहरंही यातून सुटत नाहीत. पोलंडची राजधानी वॉर्सा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरी डाव्या तीरावरच्या वस्तीचं बरंचसं मैलापाणी २०१२ पर्यंत प्रक्रियेविना व्हिस्तुला नदीत जायचं, आणि व्हिस्तुला ग्दान्स्कजवळ बाल्टिकला मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे मैलापाणी नदीखालून प्रक्रिया केंद्राकडे नेणारी मलवाहिनी निकामी झाली, तेव्हा लष्कराने नदीवर तरंगता पूल टाकला आणि त्यावरून तात्पुरते पाइप नेले. पुढच्याच वर्षी तेच पुन्हा घडलं. एका शहराची एक वाहिनी समुद्रासाठी किती महत्त्वाची असते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

राहिली शेती. खतांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस हा आज बाल्टिकचा फार मोठा शत्रू आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण शेतातून तो हजारो ओढ्यांतून झिरपतो. शहराचं सांडपाणी ठरलेल्या तोंडांतून येतं, म्हणून ते आधी अडवता येतं. शेतीला लगाम घालणारी धोरणं मात्र देशांच्याच हाती आहेत, आणि तिथेच गाडी अडली आहे. २००७ मध्ये क्राकूफ इथे त्यांनी २०२१ पर्यंत समुद्राची प्रकृती सुधारायचं ठरवलं होतं. ती मुदत हुकली. २०२१ मध्ये ल्यूबेकला भेटून त्यांनी नवी तारीख घेतली: २०३०.