ढेकर देतात की घेतात?

इंदूरच्या माणसाला ढेकर शिकवावा लागत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, दुपारच्या वरणभातावर मूठभर शेव, संध्याकाळी ‘भूक नाहीये’ म्हणत एक कचोरी आणि रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात नुसती चक्कर. इतकं झाल्यावर ढेकर काही आपल्या परवानगीसाठी थांबत नाही. आमच्या आजोबांचा श्राद्धाच्या जेवणानंतरचा ढेकर रामबागेत तीन घरं पलीकडे ऐकू जायचा आणि तिथले काका त्यावर घड्याळ लावायचे, असं आई सांगते. आई थोडं वाढवून सांगते, पण घड्याळाचं खरं असावं.

अशा घराण्यात चौतीस वर्षं काढल्यावर प्रसूतिगृहातल्या सिस्टरने मला विचारलं, “भैया, डकार दिलाना आता है?”

माझ्या हातात तेव्हा पावणेतीन किलोंची, चार तास वयाची मुलगी होती. मी म्हटलं, “इसको?” हिने अजून जगात खाल्लंय काय, की हिला ढेकर यावा!

“दूध पीती है तो हवा भी तो पीती है,” असं म्हणून सिस्टरने तिला माझ्या खांद्यावर टाकलं आणि ती दुसऱ्या खाटेकडे निघून गेली. माझं पितृत्व तिथून सुरू झालं. त्याआधी नुसत्या सह्या होत्या.

तर लहान बाळ दुधाबरोबर हवाही गिळतं. ती हवा पोटात फुग्यासारखी बसते. मग बाळ पाय पोटाशी घेतं, टोमॅटोसारखं लाल होतं आणि गल्ली जागी करतं. त्यात अन्ननळी आणि जठर यांच्या मधली झडप अजून कच्ची, त्यामुळे हवा सुटली तरी येताना थोडं दूध सोबतीला घेऊन येते. म्हणून पाजून झालं की बाळाला उभं धरायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि वाट बघायची. आमच्याकडे दूधखातं आईकडे आणि हवाखातं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. बायकोने दिवसाचं खातं आज्यांना परस्पर देऊन टाकलं. रात्रीचं मात्र माझ्या एकट्याचं.

बायको पुण्याची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण आठव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आणि माहेरच इंदूरला आलं. माहेर म्हणजे सासूबाई, दोन बॅगा डिंक-अळीव-खारीक आणि शुद्ध मराठी. घरी आलो त्या पहिल्याच रात्री बायकोने अर्धवट झोपेत विचारलं, “दिला का?”

“नाही, अजून नाही घेतली.”

तिने खाडकन डोळे उघडले. टाके दुखत असताना कोपरावर उठून ती म्हणाली, “ढेकर घेत नाहीत. देतात. आणि ती ढेकर नाही. तो ढेकर.”

आता आमचं मराठी होळकरांच्या पदरी इकडे आलेलं. एवढ्या पिढ्या हिंदीच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यावर थोडी ओल येणारच. हिंदीत डकार ‘ली’ जाते, म्हणून आम्हीही ढेकर घेतो. पुण्यात म्हणे देतात. पुण्यात काहीतरी देतात, हे ऐकून मला बरंच वाटलं. पण रात्री अडीचला हे बोलून दाखवण्याइतका मी नवा नवरा नव्हतो. (या लेखात मी बायकोचं व्याकरण पाळलं आहे. लेख आधी तिने वाचायचा आहे.)

व्याकरणाचं एक वेळ मिटेल, पण पद्धतीचं काय करायचं? आईची पद्धत थापांची. ती नातीला खांद्यावर टाकून अशी थापटते की गादीवाल्याने येऊन शिकावं. सासूबाई हात गोल फिरवतात, खालून वर, चंदन उगाळल्यासारखा. डॉक्टरांनी तिसरंच दाखवलं: मांडीवर बसवायचं, एका हाताने हनुवटी आणि छाती सांभाळायची, किंचित पुढे झुकवायचं. मला हीच पद्धत आवडते. त्यात आमची चिऊ साहित्यसभेच्या अध्यक्षांसारखी दिसते, तिसरा वक्ता बोलायला उभा राहिल्यावर दिसतात तशी. मान खाली, डोळे मिटलेले, ओठांचा चंबू आणि हनुवटी दुसऱ्याच्या आधाराला.

दोन्ही आज्यांचं कशावरही एकमत नाही. आईचे पोहे वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन मसाला; सासूबाई त्यांना पोहेच मानत नाहीत. टोपडं घालायचं की काढायचं, यावर दिवसातून चार वेळा सरकार बदलतं. पण डॉक्टरांनी “सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नाही, मध नाही, गुटी नाही” असं सांगितलं आणि त्या दिवशी इंदूर-पुणे युती झाली. “आम्ही काय मुलं विहिरीत टाकली होती?” हे वाक्य दोघींनी एकाच वेळी म्हटलं. वेखंड, मुरडशेंग, जायफळ सगळं डबीत तयार होतं. शेवटी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायचं, म्हणजे औषध पोटावर पण पोटाबाहेर, अशी तडजोड झाली. सहाण अजून ओट्यावर पालथी पडली आहे. येता-जाता दोघी तिच्याकडे घरातलं माणूस दौऱ्यावर गेल्यासारखं बघतात.

रात्रीचं मात्र कुणी शिकवलं नाही. पावणेतीन वाजलेले असतात. बायको चिऊला माझ्या हातात देते आणि देता देताच झोपते. हात परत घेण्याआधी तिचा श्वास जड झालेला असतो. मग मी आणि चिऊ. गॅलरीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं. सातव्या पावलाची फरशी वाजते, ती ओलांडायची. फ्रीजला वळसा, परत अकरा. डाव्या खांद्यावर धुतलेलं दुपटं, त्यावर तिची हनुवटी, आणि माझ्या बनियनचा पट्टा तिच्या मुठीत. मूठ लिंबाएवढी, पण पकड अशी की उद्या वसुली खात्यात नोकरी लागावी. केसांना धुरीतल्या ओव्याचा वास. कानाशी श्वास, घरंगळत्या मण्यांसारखा.

आणि वाट बघणं. मी आयुष्यात निकालांची वाट पाहिली आहे, लग्नाला होकार येण्याची पाहिली आहे, गॅस सिलिंडरची तर नेहमीच. पण ढेकराची वाट बघणं वेगळं, कारण त्याला उमेदवार मीच आणि अधिकारीही मीच. तो आलाय की नुसता आवाज झाला, हे मला ठरवायचं असतं. सुरुवातीला मी उसाशाला ढेकर समजून तिला निजवायचो. पाच मिनिटांत गल्लीतली कुत्री उठायची.

आता मला खूण कळते. आधी तिची पाठ ताठ होते, काहीतरी आठवल्यासारखी. मग मान मागे जाते, चेहरा गंभीर होतो, एक ‘अं’ निघतो. मग शांतता. मग तो येतो. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघतो, हे देवाला ठाऊक. मला त्या क्षणी जो आनंद होतो, तो नोकरीच्या पत्रानेही झाला नव्हता. पत्र माझ्यामुळे आलं की काकांच्या ओळखीने, याची घरात अजून शंका आहे. हा ढेकर निखालस माझा.

घराण्याचा वारसा बारशाला सिद्ध झाला. पाळणा झेंडूंनी सजवलेला, घुगऱ्या तयार, बायकांचं ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ पाळण्याखालून-वरून झालेलं. माझी बहीण कानात नाव सांगायला वाकली. सगळे गप्प. नेमकं त्याच वेळी चिऊने, कुणी न थोपटता, स्वतःच्या हिमतीवर असा ढेकर दिला की बहीण दचकून मागे झाली. आईने डोळ्यांना पदर लावला. “मामंजी!” एवढंच ती म्हणाली. घड्याळवाल्या काकांच्या काकू, आता ऐंशीच्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, “अगं, किती वाजले बघा गं कुणीतरी.”

पंधरा दिवसांची पितृत्व रजा अशीच गेली. ऑफिसात परतलो तर शेजारच्या टेबलाने विचारलं, “क्या भिया, पंद्रा दिन मजे करे?” मी उत्तर दिलं नाही, नुसती पाठ फिरवली. पाठीवर, डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, गुळणीचा पांढरा ओघळ वाळलेला होता, नकाशातल्या नर्मदेसारखा. माझ्या सगळ्या शर्टांवर आता नर्मदा आहे. बायको म्हणते दुपटं नीट टाकत जा. दुपटं मी नीटच टाकतो. चिऊ दुपटं टाळून नेम धरते.

सकाळी कचरागाडी येते तीही एक परीक्षाच. शहर २०१७ पासून स्वच्छतेत ओळीने पहिलं येतंय, त्यामुळे आमच्याकडे कचरा टाकणं हे जोखमीचं काम आहे. गाडीला ओला, सुका, प्लास्टिक असे वेगवेगळे कप्पे. रात्रभराचा जागा मी, हातात डायपरची पुडी, आणि डोळ्यांपुढे सगळे कप्पे हलतायत. पहिल्याच दिवशी मी ती सुक्यात टाकायला गेलो. “भिया, ये इसमें नी! डायपर का डब्बा अलग है,” गाडीवाला ओरडला. खरं तर त्या डायपरला सुका म्हणणं हा माझाच भाबडेपणा होता. आता तो मला लांबूनच ओळखतो आणि आधीच तो डबा दाखवतो.

दीड महिन्याच्या लशींबद्दल मी फारसं लिहीत नाही. सुया तिच्या मांडीत गेल्या, ओरडलो मी, आणि नर्सने खुर्ची मला दिली. त्याच सुमारास ती हसायला लागली. पहिलं खरंखुरं हसू तिने छताच्या पंख्याला दिलं. थंडीचे दिवस, पंखा बंद. न फिरणाऱ्या पंख्यात तिला काय दिसतं, हे मी तिच्याशेजारी आडवं पडून बराच वेळ बघितलं. मला धूळ दिसली. मी ती पुसली नाही. न जाणो, तीच आवडत असेल.

मग गेल्या शनिवारी मित्र म्हणाले, “चल यार, तीन महिने हो गए, सराफा चल.” बायकोने साडेबाराच्या आत परतायच्या अटीवर सोडलं. सोन्या-चांदीची दुकानं मिटलेली, त्यांच्या ओट्यांपुढे कढया चढलेल्या. गराडूचे, म्हणजे त्या थंडीतल्या कंदाचे, दिवस. तळलेले तुकडे, वर जीरावन, वर लिंबू, हाताला चटके. भुट्ट्याचा कीस झाला, दहीवडा झाला, आणि शेवटी तो ताटाएवढा जलेबा चौघांत घेतला. मी सुखात होतो. एवढंच की एका जागी उभा राहू शकत नव्हतो. डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे असा हलतच खात होतो. मागचा माणूस दोनदा म्हणाला, “भाईसाब, लाइन में हो कि नाच रे हो?”

तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत जाड्या मित्राने, जो आता एका बँकेत मॅनेजर आहे, पोटावर हात ठेवला. त्याची पाठ ताठ झाली. मान मागे गेली. चेहरा गंभीर झाला. मला ती खूण कळली. माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला, खालून वर, सासूबाईंच्या पद्धतीने. सराफ्याच्या भर गर्दीत त्याने खणखणीत ढेकर दिला आणि त्याहून खणखणीत आवाजात मी म्हणालो, “आला गं आला! शहाणं माझं बाळ ते!”

जलेबावाल्याचा झारा हवेत राहिला. मित्र माझ्याकडे बघत राहिले. मॅनेजर मात्र, त्याला जुळे आहेत, शांतपणे म्हणाला, “दाएं तरफ भी थोड़ा कर दे यार.”

घरी पोचलो तर बारा चाळीस. बायको पाजत होती. दहा मिनिटांच्या उशिरावर ती काही बोलली नाही, चिऊला उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि आडवी झाली. अंगात अजून बाहेरचं जाकीट, बोटांना जीरावनाचा वास. हात धुऊन आलो, उजव्या हाताने तिला धरून. अकरा पावलं, सातवी फरशी चुकवून. फ्रीज. अकरा पावलं. माझ्या पोटात गराडू, कीस आणि जलेबा यांची सभा भरली होती, पण स्वतःचा ढेकर मी दाबून धरला होता. तिची खूण ऐकू येणार नाही म्हणून.

तिसऱ्या फेरीला पाठ ताठ झाली. ‘अं.’ शांतता.

आला. आजोबांना शोभेल असा.

अंधारातून पांघरुणाखालचा आवाज आला, झोपेने जड झालेला, “घेतली का रे?”

मी जागच्या जागी थांबलो. तीन महिन्यांत इंदूरने पुण्याला घेतलं होतं, तेही झोपेत.

“दिला,” मी म्हटलं.

मग जाकिटाच्या आत, मानेपासून खाली, काहीतरी कोमट ओघळायला लागलं आणि पाठोपाठ खांद्यावर हलका झटका बसला. पुन्हा एक. उचकी. ती मात्र लागते. पुण्यातही आणि इंदुरातही.