हिमोग्लोबिन बारा आहे, म्हणून फोलेटही पुरेसं?

‘फॉलिक ॲसिड गरोदर बायकांपुरतं. हिमोग्लोबिन बारा असेल आणि ताटात पालेभाजी असेल तर फोलेट कमी पडतच नाही. पडलंच तर थोडा अशक्तपणा. ती गोळी मात्र रसायन आहे, डीएनए बिघडवते.’ हा मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर या महिन्यात तिसऱ्यांदा आला. फोलेट म्हणजे बी-९ जीवनसत्त्व, आणि फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप.

शेवटच्या वाक्यापासून धरतो, कारण तिथे गोष्ट नेमकी उलटी केली आहे. डीएनएच्या चार अक्षरांतलं थायमिन घडवायला फोलेट लागतं. फोलेट कमी पडलं की पेशी थायमिनच्या जागी युरॅसिल हे डीएनएत न शोभणारं अक्षर बसवून वेळ मारून नेते. दुरुस्ती करणारी एन्झाइम्स ते चुकीचं अक्षर कापून काढतात. पण बदली बसवायला थायमिन कुठे आहे? पुन्हा युरॅसिल, पुन्हा कात्री. समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर असे काप एकमेकांजवळ पडले की गुणसूत्रच तुटतं. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या ब्रूस एम्स यांच्या गटाने फोलेटची कमतरता असलेल्या माणसांच्या रक्तपेशी तपासल्या. एकेका पेशीच्या डीएनएत सुमारे ४० लाख युरॅसिल निघाले. फोलेट दिल्यावर युरॅसिलही उतरलं आणि गुणसूत्रांची मोडतोडही. ज्या गोळीवर आरोप, तिनेच नुकसान आवरलं! ‘थोडा अशक्तपणा’ याचंही उत्तर यातच आलं.

हिमोग्लोबिनवर विसंबणं तर फारच भाबडं. व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी डॉक्टरांनी १९६०च्या सुमारास स्वतःवरच प्रयोग केला: तीनदा उकळून पाणी फेकलेलं अन्न महिनोन्‌महिने खाल्लं. रक्तातलं फोलेट तीन आठवड्यांत घसरलं. ॲनिमिया दिसायला साडेचार महिने लागले. मधल्या काळात हिमोग्लोबिनचा रिपोर्ट पाहून कोणीही ‘सगळं नॉर्मल’ म्हणालं असतं.

पालेभाजीत फोलेट आहे, वादच नाही. पण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. अंबाडी उकडून, पिळून, ते पाणी मोरीत ओतलं की आपणही थोडाफार हर्बर्ट यांचाच प्रयोग करत असतो. चव त्याशिवाय येत नाही हे मान्य, पण मग हिशेबात ती भाजी पूर्ण धरू नये.

‘गरोदर बायकांपुरतं’ या समजुतीचं मूळ मुंबईत असावं. १९२८मध्ये इथे आलेल्या ल्युसी विल्स यांनी गरोदर गिरणी कामगार बायकांचा ॲनिमिया यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा केला. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. पण पेशी तर पुरुषांच्याही रोज विभागतात. आणि गरोदरपणातही ‘कळल्यावर सुरू करू’ चालत नाही. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. मज्जानलिकेचा दोष असलेलं मूल आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, हे १९९१च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं.

रसायन म्हणाल तर गोळीतलं फॉलिक ॲसिड कृत्रिम आहे, खरंच. म्हणूनच ते टिकतं आणि चांगलं शोषलं जातं.

गोळीबद्दल खरी सावधगिरी वेगळीच आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर ॲनिमिया सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी मागे गुपचूप चालू राहते. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते, पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ती वर्षानुवर्षं नोंदवली आहे. त्यामुळे गोळी मनाने सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून दोन्ही तपासून घ्या. ग्रुपवरच्या त्या मजकुरात मात्र बी-१२चं नाव एकदाही नाही.