रिंगण

नेदरलँड्सच्या पावसाला माणूस सरावतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यालाही सरावतो. सायकल जोरात हाणायची आणि वाऱ्याला मराठीत शिव्या घालायच्या, कुणाला कळत नाहीत. सरावत नाही तो इथला वाढदिवस. लहान मुलांचा नव्हे, चांगल्या घोडमोठ्या माणसांचा.

आमच्या ॲमस्टेलवेनमधल्या शेजारीणबाईंचं आमंत्रण महिनाभर आधी येतं. अडीच ते पाच. यातला 'पाच' शोभेला लिहिलेला नसतो.

आत पाऊल टाकावं तर दिवाणखान्यात खुर्च्यांचं रिंगण. वारीतल्या रिंगणात निदान अश्व तरी धावतो. इथे कुणी जागचं हलत नाही. आपण एका टोकापासून सुरुवात करायची आणि प्रत्येकाशी हात मिळवत अभिनंदन करत जायचं. वाढदिवस बाईंचा, पण अभिनंदन नवऱ्याचं बायकोबद्दल, आईचं लेकीबद्दल, मेहुण्याचं मेहुणीबद्दल. मागून आलेल्यांनी माझंही केलं, शेजारणीबद्दल. बाईंच्या वय वाढण्यात माझा काडीचा हात नाही, पण मी विनयाने मान डोलावली.

मग मिळेल ती खुर्ची, आणि पाचपर्यंत तीच. माझ्या नशिबी दरवेळी झ्वोले शहराहून आलेला मेहुणा येतो. तो कसा आला हे तो सांगतो. ए-२८ महामार्ग मोकळा होता, हूफेलाकेनला नेहमीचा खोळंबा, मग ए-१, आणि ए-९ वर रस्त्याचं काम. पलीकडचे काका अमर्सफोर्टहूनच आडवाटेने निघायला हवं होतं म्हणतात. यावर अर्धा तास निघतो. मग तो माझ्याकडे वळून मनापासून म्हणतो, "तुमचं डच अजून वाईटच आहे हो." यात खवचटपणा नसतो. हवामान सांगावं तसं सांगतो.

दरम्यान कॉफी येते, सोबत ॲपलटार्टचा एक तुकडा. एक म्हणजे एक. आई इथे आली होती तेव्हा तिलाही घेऊन गेलो. ताटली समोर आल्यावर तिने रीतसर "नको, नको" म्हटलं. बाईंनी हसून मान हलवली आणि ताटली पुढे नेली. आई बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली, मग माझ्या कानाशी आली, "काय रे, परत विचारत नाहीत का?" नाही विचारत. पुढच्या फेरीला चीजचे चौकोनी तुकडे मोहरीच्या चटणीसकट आले, तेव्हा आईने नको म्हणायच्या आत दोन उचलले. मोहरीचा झणका नाकात गेला तरी तिने तोंड वाकडं केलं नाही.

रिंगणातून सुटकेचा एकच सन्मान्य मार्ग म्हणजे संडास. तिथेही वाढदिवस सोडत नाही. डच घरात वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या भिंतीवर टांगलेलं असतं. त्यात वारही नाहीत आणि सालही नाही, नुसत्या तारखा, म्हणजे जन्मभर दुसरं विकत घ्यायला नको. या लोकांच्या काटकसरीला मी हात जोडतो. बसल्या बसल्या नातेवाईक, शेजारी सगळे नजरेखालून जातात, त्यामुळे तारीख विसरलो ही सबब चालत नाही. गेल्या खेपेला पाहिलं तर नोव्हेंबरच्या पानावर पेनाने माझं नाव होतं. म्हणजे अडीचला ही सगळी माणसं आमच्याकडे, आणि खुर्च्या आमच्या.

बाईंची पन्नाशी मात्र थाटात झाली. इथे पन्नाशी गाठलेल्या बाईने 'सारा' पाहिली म्हणतात, पुरुषाने 'अब्राहम'. मूळ बायबलमध्ये आहे: अजून पन्नाशीचा नाहीस आणि म्हणे अब्राहमला पाहिलंस, असं येशूला विचारलं गेलं. त्याची इथे झालेली परिणती म्हणजे अंगणात उभी केलेली भली थोरली बाहुली. सकाळी उठून बघतो तर बाईंच्या दारात हवा भरलेली, चष्मा लावलेली, पुरुषभर उंच सारा डुलत होती. पोस्टमनसुद्धा अभिनंदन करून गेला.

परवा बाईंचे यजमान आमच्या फाटकापाशी टेप घेऊन उभे दिसले. कुंपण मापत असतील असं वाटलं. त्यांनी हात केला आणि विचारलं, "तुमचं जन्मसाल कोणतं? कॅलेंडरवर नसतं ना."