बीपीची गोळी संपलीय, बाहेरून घ्या

आज परत तेच. आईला घेऊन साडेआठला सरकारी दवाखान्यात. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, मग औषधाच्या खिडकीची रांग. अकराला खिडकीशी पोचलो तर आतून आवाज, "बीपीची संपलीय, बाहेरून घ्या. कॅल्शियम देऊ का?" कधी येणार? "वरून आली की." हे 'वर' म्हणजे नक्की कुठं, वैकुंठात? त्या बाईंवर राग नाही, त्या दर महिन्याला मागणी लिहून पाठवतात. राग आहे तो ती मागणी जिथं जाऊन झोपते तिथल्यांवर.

आणि बीपी मोजायची तऱ्हा बघा. पट्ट्याचं वेलक्रो गेलेलं. तीनदा सुटला, शेवटी सिस्टरने हातानं दाबून धरला आणि केसपेपरवर लिहिलं १३०/८०. मागच्या महिन्यात १३०/८०. त्याच्या मागच्या महिन्यातही १३०/८०. आईचं बीपी नाही, पिनकोड झालाय.

गोळी काय सोन्याची आहे का? अ‍ॅम्लोडिपिन. जनऔषधीत पाच मिलिग्रॅमची एक गोळी रुपयाच्या आत पडते. पण ते दुकान आमच्यापासून २५ किलोमीटरवर. आईचं अर्धं तिकीट धरूनही एसटीचा खर्च गोळ्यांच्या कितीतरी पट. गावातल्या मेडिकलमध्ये कंपनीची महागडी स्ट्रिप. गंमत बघा, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी दवाखान्यासमोरच्या टपरीवर पुडी एक दिवस संपलेली मी पाहिली नाही. बंदी असलेला माल रोज पोचतो. ज्या गोळीनं लकवा टळतो ती मात्र 'वरून' यायची असते.

टळतो म्हणतोय, कारण आमच्या अण्णांचा टळला नाही. चुलते, शिंपी. बीपी होतं, गोळी कधी मिळायची कधी नाही, आणि काही दुखत नाही म्हणून त्यांनीही मनावर घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी सकाळी हातातली बशी पडली, तोंड वाकडं झालं. शेजारी म्हणाले, वारं गेलंय, अमक्या गावी लकव्याचं औषध देतात. त्या नादात तास गेला. तालुक्याच्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण आधी स्कॅन हवा, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर उठतं. १०८ आली, जिल्ह्याला नेलं, पोचेपर्यंत सहा तास. "उशीर झाला हो." अशा झटक्यात मिनिटाला मेंदूच्या १९ लाख पेशी मरतात म्हणे. आमच्याकडं सहा तास गेले, गुणाकार तुम्हीच करा. उजवा हात गेला. मशीन पडवीत गोधडीखाली झाकून ठेवलंय, आणि पायजम्याची नाडी काकू बांधते.

आता कुणी सांगू नका की सरकारला कळत नाही. चांगलं कळतं. बीपी आटोक्यात ठेवायचा राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ मध्ये सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, महिन्याभराचा साठा, न आलेल्या पेशंटला फोन. इतकं साधं. २०२३ मध्ये घोषणा झाली, २०२५ पर्यंत साडेसात कोटी बीपी-शुगरवाल्यांना नीट उपचार. २०२५ गेलं. आमच्या खिडकीवर कॅल्शियम आहे.

अँजिओप्लास्टीला योजना आहे, बोर्डावर हसरे फोटो आहेत. असावीच, त्याला ना नाही. पण रुपयाची गोळी न देता लाखाच्या ऑपरेशनची वाट बघायची, हा कुठला हिशेब?

वर उपदेश: मीठ कमी खा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर. कबूल. मग त्या फरसाणाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा ना की यात मीठ जास्त आहे! चिलीनं २०१६ मध्ये पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले. आपल्याकडं २०२२ मध्ये मसुदा निघाला तो खाणं तब्येतीला किती बरं यावरून पाकिटाला तारे द्यायचा. तारे! हॉटेल आहे का ते? आणि २९ सप्टेंबरला हृदय दिन आला की लाल फुगे, रॅली, आणि रॅलीनंतर नाश्त्याला वडापाव.

शेवटी मेडिकलमधून स्ट्रिप घेतली. घरी आलो, तर आई ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे करत बसलेली. म्हटलं, अगं अर्धी कशाला? म्हणाली, "पुढच्या महिन्यातही संपलेलीच असेल ना."